सुखरूप आहेत ना, मग झालं

गाडी शिकवणाऱ्या माणसाला चिडून चालत नाही. शेजारी बसलेला शिकाऊ क्लचऐवजी ब्रेक दाबतो, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर, आणि एखादा तर समोरून ट्रक दिसताच स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतो. अशा वेळी आवाज न चढवता म्हणायचं, "घाबरू नका, मी आहे." हे वाक्य म्हणत म्हणत मास्तराची निम्मी हयात गेली होती. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे त्याला मास्तर म्हणत. गल्लीतही तो मास्तरच होता, आणि चिडवायचं असलं की बायकोही मास्तरच म्हणायची. "तुमच्याशी भांडायला लागलं की भिंतीशी भांडल्यासारखं वाटतं," अशी तिची तक्रार असे.

बायको शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर होती. कापडाचे थर एकावर एक रचायचे आणि विजेच्या कात्रीनं एकदम कापायचे, हे तिचं काम. एकदा बोटावरून पातं फिरलं, तर तिनं चिंधी गुंडाळून आधी हातातला थर पुरा केला आणि मग टाके घालून घ्यायला गेली. जरा खुट्ट झालं की घर डोक्यावर घेणारी ती बाई नव्हती.

त्यांची मुलगी नववीत असताना बायकोला पुन्हा दिवस गेले. चाळिशी उलटलेली, पाळी चुकली तेव्हा तिला वाटलं आता हे कायमचंच बंद होतंय. तपासणीत निघालं भलतंच. घरी येऊन ती खुर्चीत बसली आणि हसतच सुटली. मास्तरालाही हसू आवरेना. मुलगी "शी! तुम्ही दोघं म्हणजे ना!" असं म्हणून खोलीत गेली आणि धाडकन दार लावून घेतलं. संध्याकाळी बाहेर आली ती बाळाच्या नावांवरूनच वाद घालत. त्या दिवसापासून घरात ती 'थोरली' झाली.

नाव सरकारी इस्पितळात घातलं. थोरलीचा जन्म तिथलाच होता, आणि तेव्हाची अशी काही वाईट आठवण नव्हती. पण मधल्या वर्षांत गर्दी वाढली होती आणि माणसं आटली होती. तपासणीच्या दिवशी बायका भिंतीला टेकून उभ्या असायच्या, नवऱ्यांना फाटकाबाहेर थांबवलेलं असायचं. एकदा ती बाहेर आली ती ओठ घट्ट मिटून. गाडीत बसल्यावर म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात एवढी मोठी मुलगी असताना या वयात हे, लाज नाही वाटली?"

"हळू आवाजात विचारलं ना?"

"सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं."

मास्तरानं गाडी सुरू केली. पण चपलेत खडा शिरावा तसं काहीतरी त्याच्या आत शिरलं, आणि नंतर पावलोपावली टोचत राहिलं.

कळा सुरू झाल्या तेव्हा थोरली शाळेला निघाली होती. मास्तराची आई गुडघ्यांनी जागची हलू शकत नव्हती. बायकोची बहीण परगावाहून निघाली होती, ती संध्याकाळपर्यंत पोचणार होती. स्कूलची गाडी दारातच उभी होती. तिच्याच टपावर शिकाऊ गाडीची लाल पाटी मिरवत थोरलीसह तिघं निघाली, आणि रस्त्यातले लोक नेहमीसारखे आधीच बाजूला झाले.

प्रसूती विभाग वरच्या मजल्यावर होता आणि लिफ्टवर 'बंद आहे' असं लिहिलेलं होतं. बायको कठड्याला धरून जिना चढली. कळ आली की थांबायची, भिंतीला कपाळ टेकायची, मग पुढची पायरी. वर सरकती लोखंडी जाळी होती आणि जाळीशी रखवालदार.

"पुरुषांना आत प्रवेश नाही. सोबत बाईमाणूस कोण आहे?"

"हिची बहीण येतेय, संध्याकाळी. तोवर मी थांबतो हिच्याजवळ."

"ते चालत नाही."

"अहो, नवरा आहे मी तिचा."

"इथं येणारे सगळे नवरेच असतात," रखवालदार म्हणाला. मग त्याची नजर गणवेशातल्या थोरलीकडे गेली. "ही कोण?"

"मुलगी. शाळकरी पोर आहे हो."

"बाईमाणूस आहे ना? मग चालेल."

मास्तराला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. पण रखवालदारानं जाळी सरकवलीसुद्धा. बायकोला तेव्हा कळ आली होती, ती दोन्ही हातांनी गजांना धरून उभी होती. थोरलीनं पाठीवरचं दप्तर काढलं, वडिलांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, मी जाते." दोघी आत गेल्या आणि जाळी पुन्हा सरकली. मुलीचं दप्तर खांद्याला अडकवून मास्तर जाळीच्या अलीकडे उभा राहिला. अलीकडे असले पुष्कळ नवरे होते. कुणी जिन्यात बसलेला, कुणी भिंतीशी, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच अपराधी भाव, जणू आपण इथे असणंच चूक आहे.

काही वेळानं थोरली जाळीपाशी आली. "आईला बेड नाही मिळाला. पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर झोपवलंय. आत एकेका बेडवर दोन-दोन बायका आहेत, बाबा."

"डॉक्टर बघून गेले?"

"एकदा."

दुसऱ्यांदा आली तेव्हा पाणी मागायला आली होती. "आईनं सांगितलं दुसरी खेप आहे, तर सिस्टर म्हणाल्या, मग तुला माहीत आहे सगळं, गुपचूप पडून राहा." तिनं बाटली घेतली आणि पळत परत गेली.

तिसऱ्यांदा ती चालत आली, फार सावकाश. चेहरा कागदासारखा झाला होता.

"आईला मारलं," ती म्हणाली.

"काय?"

"सिस्टरनी. मांडीवर. दोनदा. आई ओरडली म्हणून."

"काय म्हणाली ती?"

थोरलीनं मान खाली घातली. "म्हणाल्या, नवऱ्याजवळ जाताना नव्हतीस ओरडली, आता कशाला ओरडतेस."

शाळेत जाणाऱ्या पोरीला हे वाक्य ऐकावं लागलं, आणि ऐकून ते आपल्या बापाला सांगावं लागलं. त्या क्षणी मास्तराच्या आतलं काहीतरी जे तुटलं, ते पुन्हा पूर्वीसारखं जुळलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी जाळी धरली आणि अशी गदागदा हलवली की जिन्यात बसलेले नवरे उठून उभे राहिले.

"उघड! उघड ही जाळी! कोण आहे ती, बाहेर बोलाव तिला!"

"अहो, हात काढा," रखवालदार म्हणाला. "माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी? माझ्या बायकोला मारतायत आत!"

आवाज ऐकून एक डॉक्टर मुलगी बाहेर आली. वय फार नव्हतं, पण डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि एप्रनच्या बाहीवर रक्त होतं. "ओरडू नका. आत पेशंट आहेत."

"त्या पेशंटनाच मारताय ना तुम्ही?"

"वाटेल ते आरोप करू नका. तुमच्या मिसेसना अजून वेळ आहे. मी तपासलंय."

"कधी तपासलंत?"

ती अडखळली. "सकाळी."

आता दुपार कलायला लागली होती. "बाई," मास्तर म्हणाला, "ती उगीच ओरडणाऱ्यातली नाही. ती म्हणत असेल वेळ झाली, तर झाली. एकदा जाऊन बघा तरी."

"सगळ्याच म्हणतात," डॉक्टर मुलगी म्हणाली आणि वळली.

मास्तरानं जाळीवर लाथ मारली. मग खालून दोन दांडगे सुरक्षारक्षक आले. त्यांनी त्याला काखेत हात घालून जिन्यावरून खाली नेलं आणि फाटकाबाहेर काढलं. दप्तर कुठेतरी जिन्यात पडलं. एक रक्षक ते आणायला परत गेला आणि आणून त्याच्या हातात देत म्हणाला, "काका, आमच्यावर राग काढून काय उपयोग?" खरंच नव्हता उपयोग. मग कुणावर काढायचा, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

तो रस्त्यावर उभा राहून वरच्या खिडक्या मोजल्यासारख्या बघत राहिला. रोज अनोळखी माणसांना तो सांगायचा, मी आहे म्हणून. आज बायकोला सांगायची वेळ आली, तर तो फूटपाथवर होता.

फाटकातून एक म्हातारी बाहेर आली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत धुतलेले आणि अजून ओले. "शाळेच्या पोरीचा बाप कोण?" ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती.

"मी. मीच."

"झाली. मुलगी झाली. पॅसेजमध्येच झाली बाबा, त्या ढकलगाडीवर. तुझ्या पोरीनं आणि मी धरली."

म्हातारीची सून आत होती. तिच्यासाठी ती थांबली होती आणि जवळच्याच स्ट्रेचरवरचं सगळं तिनं पाहिलं होतं. बायको थोरलीला म्हणाली होती, "आलं, बोलाव कुणालातरी." थोरली सिस्टरच्या टेबलाकडे धावली. एक सिस्टर आत दुसऱ्या बाईच्या बाळंतपणात अडकलेली. दुसरी मान वर न करता म्हणाली, "जा, येते." ती आली नाही. थोरली पुन्हा गेली, मग पुन्हा. चौथ्यांदा जायला वेळच उरला नाही.

"पोरगी लगेच रडली नाही," म्हातारी म्हणाली. "तेव्हा मात्र सगळ्या धावल्या. घेऊन गेल्यात काचेच्या खोलीत. रडल्याचा आवाज ऐकला मी, खोटं नाही सांगत." मग तिनं इमारतीकडे तोंड करून अशी एक शिवी हासडली की फाटकावरचा रक्षक दुसरीकडे बघायला लागला.

संध्याकाळी मेव्हणी पोचली आणि थोरली खाली आली. तिच्या गणवेशाच्या बाह्या धुतल्यामुळे ओल्या होत्या. तिनं वडिलांकडे बघितलं नाही. गाडीत मागच्या सीटवर आडवी झाली आणि तशीच पडून राहिली.

बायकोशी भेट झाली ती दुसऱ्या दिवशी, जाळीतूनच. ती भिंतीला धरून चालत आली. चेहरा सुजलेला, केसांच्या जटा झालेल्या. टाके घालताना बधिर करायचं इंजेक्शन दिलं नव्हतं, संपलंय म्हणाले. टाके घालताना सिस्टर विचारत होती, "जाळीपाशी तमाशा करणारा तो तुझाच ना? बोलाव आता त्याला." आणि बाळाला काचेच्या खोलीकडे नेणारी आया म्हणाली होती, "दुसरीही मुलगीच, आणि एवढा आरडाओरडा!"

हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. मास्तराचे हात पुन्हा जाळीकडे गेले.

"नाही," ती म्हणाली. "अहो, ऐका माझं. आम्ही दोघी इथून बाहेर पडेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही बाहेर ओरडता, त्या माझ्यावर काढतात."

तो खाली आला. गाडीत आपल्या नेहमीच्या जागेवर, शिकवणाऱ्याच्या सीटवर बसला. त्या बाजूलाही एक ब्रेक असतो. गाडी बंद होती, तरी तो ब्रेक दाबत राहिला, पोटरी दुखेपर्यंत दाबत राहिला.

बाळ सावरलं. काचेच्या खोलीतून आईजवळ आलं आणि मग दोघी घरी आल्या. धाकटी गोल चेहऱ्याची, सदा भुकेली आणि आवाजानं दणदणीत निघाली. बघायला येणारे सगळे तेच म्हणत होते. शेजारीण म्हणाली, "सुखरूप आहेत ना दोघी, मग झालं." ड्रायव्हिंग स्कूलचा मालक म्हणाला, "सुखरूप आहेत ना, मग विसरा आता." मास्तराची आईसुद्धा पलंगावरून म्हणाली, "आमच्या वेळी काय कमी बोलायच्या? बाळ-बाळंतीण सुखरूप, आणखी काय पाहिजे?"

"माणसासारखं वागवायला पाहिजे, आई," मास्तर म्हणाला. आईनं त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

कामावर गेल्यावर पहिल्याच दिवशी तो एका शिकाऊ बाईंवर कडाडला. बिचारीनं चौकात गाडी बंद पाडली होती, एवढंच. तिला रडू फुटलं, ती दार उघडून भर रहदारीत खाली उतरली. त्यानं मागे धावत जाऊन माफी मागितली. मालकानं त्याला आठवडाभर घरी बसायला सांगितलं.

घरात थोरली बाळाला हात लावत नव्हती. एका दुपारी ती आईला म्हणाली, "मला मूल कधीच नको."

"नको तर नको," आई म्हणाली. "पण ते तुझ्या मनानं ठरव. त्यांनी घाबरवलं म्हणून नको."

रिकामा आठवडा मिळालाच होता, म्हणून मास्तर इस्पितळाच्या अधीक्षकांना भेटायला गेला. साहेब सभ्य होते. बसायला सांगितलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण आता दोघी सुखरूप आहेत ना?"

मास्तरानं ग्लास खाली ठेवला.

"तुमची चीड समजते मला," साहेब म्हणाले. "पण माझ्याकडे सिस्टर निम्म्या आहेत आणि पेशंट दुप्पट. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

"बेड नाहीत, समजलं. माणसं नाहीत, तेही समजलं. पण न मारायला किती माणसं कमी पडतात, साहेब?"

साहेबांनी चष्मा पुसला. चौकशी करतो म्हणाले. आठवडे गेले, चौकशी कुठेच दिसली नाही.

बाळाच्या लसीचा दिवस आला. लसीची खोली तळमजल्यावर होती आणि तिथे पुरुषांना मज्जाव नव्हता. चौघंही गेली. रांगेत ती म्हातारी भेटली, मांडीवर नातू घेऊन बसलेली. तिच्या सुनेचंही बाळंतपण त्याच दिवशीचं. ती धाकटीला बघून म्हणाली, "ही माझीपण आहे बरं का अर्धी."

रांग पुढे सरकली तसं थोरलीनं आईचा दंड धरला. "आई. त्याच आहेत."

टेबलापलीकडे लसीच्या दिवसापुरती वॉर्डातून खाली आणून बसवलेली ती सिस्टर मास्तर पहिल्यांदाच बघत होता. इतके दिवस त्याच्या डोक्यात एक धिप्पाड, राक्षसी बाई होती. ही तर किरकोळ होती, पायाला क्रेप बँडेज, केस पांढरे व्हायला लागलेले. त्याला तिची कीव आली नाही. उलट, एवढीशी बाई आणि एवढं करून गेली, म्हणून तो आणखीच पेटला. त्यानं तोंड उघडलं.

बायकोनं त्याच्या छातीवर हात ठेवला. "तुम्ही थांबा. मार मी खाल्लाय."

मग ती टेबलाशी जाऊन उभी राहिली. "सिस्टर, तुम्ही मला मारलं होतं. बाळंतपणाच्या दिवशी, पॅसेजमध्ये. या माझ्या मुलीसमोर."

सिस्टरनं मान वर केली. "रोज ढीगभर बायका येतात. मला नाही आठवत."

"मला आठवतं."

"बाळ पुढे घ्या. रांग आहे मागे."

"मलाही आठवतं," म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली. "तोंडानं काय बोललात तेही सांगू का सगळ्यांसमोर?"

रांगेतली कुजबुज थांबली. सिस्टरचा चेहरा लाल झाला. "दोघीच होतो त्या दिवशी आम्ही," ती म्हणाली. "सबंध वॉर्डाला दोघी. सकाळपासून अन्नाचा कण नव्हता पोटात."

"माझ्याही नव्हता," बायको म्हणाली. "म्हणून मी कुणाला मारलं का?"

सिस्टरनं थोरलीकडे बघितलं. "एवढ्या लहान मुलीनं तिथं यायलाच नको होतं."

"मग आईजवळ कोण असतं?" थोरली म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

सिस्टरनं सिरिंज भरली. बाळाची मांडी पुसली, सुई इतक्या अलगद टोचली की धाकटीला क्षणभर कळलंच नाही, आणि कळल्यावर तिनं खोली दणाणून सोडली. कापूस दाबून धरत सिस्टर काहीतरी पुटपुटली. थोरलीचं म्हणणं, "चुकलं" म्हणाली. बायकोचं म्हणणं, "चला" म्हणाली. त्यावर दोघींचं अजून एकमत नाही.

तिथून बाहेर जायचा रस्ता डावीकडे होता. बायको उजवीकडे वळली, अधीक्षकांच्या खोलीकडे. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. "असू देत," ती म्हणाली आणि बाकावर बसून बाळाला पाजायला घेतलं. म्हातारी नातवाला घेऊन शेजारी बसली. रांगेतल्या आणखी काही बायका लस आटोपून आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. शिपाई दोनदा आत गेला, दोनदा बाहेर आला. शेवटी दार उघडून साहेब स्वतःच उंबऱ्यात आले. त्यांची नजर आधी मास्तरावर गेली.

"तुम्ही या आत," ते म्हणाले.

"मी नाही," मास्तर म्हणाला. "ह्या."

बायका आत गेल्या. दार लागलं नाही, लावायला जागाच नव्हती. मास्तर बाहेर उभा राहून बायकोचा आवाज ऐकत राहिला. ती चढ्या सुरात बोलत नव्हती. कारखान्यात चुकीचा कापलेला थर परत पाठवताना बोलते तसं, एकेक गोष्ट सुटी करून बोलत होती. इंजेक्शन, जाळी, मार, ते वाक्य, आयाचं बोलणं. मग दुसरी बाई बोलायला लागली, मग तिसरी.

काही दिवसांनी इस्पितळातून फोन आला. स्त्री नातेवाईक नसेल तर नवऱ्याला आत थांबू देतील, असा हुकूम निघाला होता. आणि त्या सिस्टरची दुसऱ्या वॉर्डात बदली केली होती.

मास्तराला वाटलं, बायकोला बरं वाटेल. तिनं फोन ठेवला आणि विचारलं, "बदली कुणी मागितली होती? आता वॉर्डात दोघींच्या जागी एकच उरली म्हणायची." ती कुशीत झोपलेल्या धाकटीला थोरलीच्या मांडीवर देऊन उठली. "सोमवारी तुमची सुट्टी असते ना? गाडी काढा. पुन्हा जायचंय."